दहावीनंतर दहा महिने जपानच्या शाळेत: निघण्याआधी घरी काय करून घ्यावं?

प्रश्न असा आहे. नाशिकच्या एका आईंची मुलगी १६ वर्षांची आहे, नुकतीच दहावी झाली आहे. विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून तिची जपानच्या हायस्कूलसाठी निवड झाली आहे. ऑगस्टअखेर निघायचं, पुढच्या जूनअखेर परत यायचं. वाकायामा प्रांतातल्या समुद्राकाठच्या एका गावात होस्ट फॅमिलीकडे राहायचं आणि तिथल्या सरकारी शाळेत सायकलने जायचं. जपानी भाषेची एन-५ परीक्षा, म्हणजे पाच पायऱ्यांतली सगळ्यांत खालची (सगळ्यांत वरची एन-१), ती पास झाली आहे. घरी मांस-मच्छी शिजत नाही, पण मुलगी बाहेर अंडं आणि चिकन खाते. आईंनी विचारलंय: भाषा अजून किती करून घेऊ, जेवणाचं कसं होईल, बॅगेत काय भरू आणि अकरावीचं काय?

मी पुण्यात जपानी शिकवते आणि अशा कार्यक्रमांतून जाणाऱ्या मुलांची निघण्याआधीची तयारी बरीच वर्षं करून घेते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. भाषेचा क्लास चालू ठेवा, पण हाताशी असलेल्या दिवसांत खरी मेहनत दोन सवयींवर घ्या. घरातलं काम कुणी न सांगता करणं, ही पहिली. कळलं नाही तर त्याच क्षणी तसं सांगणं, ही दुसरी. एन-३ झालेली मुलं तिकडे घरात अवघडून राहिलेली मी पाहिली आहेत, आणि जेमतेम एन-५ वर गेलेली मुलं निरोपाच्या दिवशी होस्ट आईला रडवून आलेली पाहिली आहेत. फरक या दोन सवयींचा होता.

मुलांना परदेशी पाठवणारी संस्था एएफएस असो वा रोटरी, अशा कार्यक्रमांत मुलाला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला पैसे मिळत नाहीत. ती माणसं हौसेने आणि आपुलकीने एक मूल दहा महिने सांभाळतात. त्यामुळे तुमची लेक तिथे पाहुणी नसते, घरातली एक मुलगी असते, आणि घरातल्या मुलीने जे करायचं ते तिने करावं अशी साधी अपेक्षा असते. अडचण अशी की ही अपेक्षा कुणी बोलून दाखवत नाही. आपल्याकडे ताट उचललं नाही तर आई दुसऱ्या मिनिटाला ओरडते. तिकडची आई हसून म्हणेल, ‘दाइजोबु, दाइजोबु’, म्हणजे असू दे, आणि ताट स्वतः उचलेल. मुलीला वाटतं, सगळं छान चाललंय. मग तीनएक आठवड्यांनी कार्यक्रमाच्या समन्वयक बाईंचा फोन येतो की घरी जरा नाराजी आहे. मुलगी हबकते, कारण तिला कुणी काही बोललेलंच नसतं.

डब्याचं उदाहरण घ्या. जपानच्या बहुतेक हायस्कूलमध्ये दुपारचं जेवण शाळेकडून नसतं, घरून बेंतो न्यावा लागतो. होस्ट आई पहाटे उठून तो भरते. संध्याकाळी घरात शिरल्यावर दप्तर खोलीत टाकायच्या आधी डबा बाहेर काढायचा, झाकणातली रबराची रिंग सोडवायची, डबा, रिंग, चॉपस्टिक आणि त्यांची पेटी घासून जाळीवर पालथी घालायची, आणि ‘गोचिसोसामा, ओइशिकात्ता देसु’ म्हणजे ‘जेवण झालं, छान होतं’ असं आईला सांगायचं. पाच मिनिटांचं काम आहे. शुक्रवारचा डबा दप्तरात राहून सोमवारी सकाळी निघाला, तर त्याचा वास आणि होस्ट आईचा उतरलेला चेहरा दोन्ही मुलीच्या लक्षात राहतील. म्हणून हे आजपासून नाशिकमध्ये सुरू करा. स्वतःचा डबा, स्वतःचं ताट, स्वतःचं अंथरूण, आठवड्यातून दोनदा घरच्या सगळ्यांचे कपडे मशीनला लावणं आणि वाळत घालणं. कपडे टाकताना खिसे तपासायची सवय लावा. खिशात राहिलेला एक कागदी रुमाल सगळ्या घराच्या कपड्यांना चिकटतो, आणि जपानमध्ये मुलांच्या खिशात कागदी रुमाल कायम असतो. हात पुसायला कापडी रुमालही रोज हवा. तिथल्या कित्येक शाळांच्या स्वच्छतागृहांत हात पुसायला काहीच ठेवलेलं नसतं.

अंघोळीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पहिल्याच रात्री हा प्रश्न येतो. जपानी घरात टबभर गरम पाणी संध्याकाळी एकदा भरतात आणि घरातले सगळे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. टब अंग धुवायला नसतो. टबाबाहेर एक बुटकं स्टूल आणि शॉवर असतो. तिथे बसून साबण लावायचा, केस धुवायचे, फेसाचा थेंबही उरणार नाही असं अंग धुवायचं, लांब केस वर बांधायचे आणि मगच टबात उतरायचं. बाहेर येताना पाणी सोडून द्यायचं नाही. पाण्यात पडलेले केस उचलायचे आणि टबावरचं झाकण लावायचं, म्हणजे पुढच्यासाठी पाणी गरम राहतं. आपल्या मुलींनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवायची: डोक्याला तेल लावून टबात जायचं नाही, तेलाचा तवंग पाण्यावर येतो. तेल लावायची सवय असेल तर सुट्टीच्या दिवशी, आईला सांगून, उशीवर टॉवेल घालून. मासिक पाळीच्या दिवसांत टबात न उतरता नुसता शॉवर घेतला तर त्यात कुणाला काही वाटत नाही, फक्त ‘आज शॉवरच घेते’ एवढं आधी सांगायचं. वापरलेले पॅड कुठे टाकायचे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं. संडासात कोपऱ्यात छोटा झाकणाचा डबा असतो. आईने हे सगळं मुलीशी मोकळेपणाने बोलून ठेवावं. तिकडे पहिल्या आठवड्यात तिला हे शब्द सुचणार नाहीत.

आता दुसरी सवय. आपली मुलं हुशार असतात, पण ‘मला येत नाही’ म्हणायची त्यांना शाळेपासून धास्ती असते. जपानी माणूस काही सांगत असला की ती हसतात, मान डोलावतात आणि ‘हाय, हाय’, म्हणजे हो, हो, म्हणत राहतात. समोरच्याला वाटतं, हिला कळलं. उद्या शाळा साडेदहाला सुटणार आहे, जेवायला घरी ये, असा निरोप असतो. मुलगी संध्याकाळी सहाला उगवते आणि घर काळजीत. त्यातून आपलं मान हलवणं आडवं-तिरकं, तिकडे त्याचा अर्थ ‘नाही’ असा लागू शकतो. तिला होकाराला सरळ खाली मान घालायला शिकवा, आणि घरात रोज सराव घ्या. कुणी काही काम सांगितलं की तिने ते आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं: ‘म्हणजे उद्या दहाला मी दूध आणायचं, बरोबर?’ मराठीतच करा. ही परत बोलून दाखवण्याची सवय भाषा बदलली तरी टिकते. जपानीत तीन वाक्यं झोपेतही आली पाहिजेत. ‘सुमिमासेन, वाकारिमासेन’, म्हणजे माफ करा, कळलं नाही. ‘मो इच्चिदो ओनेगाइशिमासु’, म्हणजे पुन्हा एकदा सांगा. आणि सगळ्यांत उपयोगी तिसरं, ‘कोरे वा दो सुरेबा ई देसु का’, म्हणजे हे कसं करायचं. ज्या घरात मुलगी दिवसातून दहा वेळा हे तिसरं वाक्य विचारते त्या घरात नाराजी साठत नाही.

भाषेचं बोलायचं तर एन-५ वर जायला हरकत नाही. जुलैच्या एन-४ परीक्षेला बसायचा मोह सोडा. त्या महिन्यांत परीक्षेची तयारी केली की मूल पर्याय ओळखायला शिकतं, बोलायला नाही. हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी अक्षरमाला, प्रत्येकी ४६ अक्षरं, न अडखळता वाचता आली पाहिजेत. परदेशी शब्द लिहायच्या काताकानाकडे मुलं दुर्लक्ष करतात, आणि दुकानातलं, जेवणातलं, विज्ञानातलं निम्मं जग काताकानात असतं. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरं, किती, असं विचाराल तर सरकारी यादीत २,१३६ आहेत. त्यांच्या मागे आता लागू नका. होस्ट फॅमिलीचं आडनाव, गावाचं नाव, शाळेचं नाव, स्टेशनचं नाव, आठवड्याचे वार आणि विषयांची नावं एवढी कांजी नजरेने ओळखू आली की पहिला महिना निघतो. वाक्यरचना मराठी मुलांना जड जात नाही. क्रियापद शेवटी, आणि आपल्या ला-ने-चा सारखे प्रत्यय नामाच्या मागे. कानाची तयारी मात्र वेगळी करावी लागेल. पाठ्यपुस्तकातली भाषा टोकियोची, आणि वाकायामा ओसाकाच्या आसपासच्या कान्साई भागात येतं. पुस्तकातलं ‘दामे’ (नको, चालणार नाही) तिथे ‘अकान’ होतं, ‘होन्तो’चं (खरंच) ‘होन्मा’ होतं, आणि वर्गातल्या मुली तसंच बोलतात. ओसाकाच्या कलाकारांचे गप्पांचे कार्यक्रम रोज अर्धा तास कानावर पडू द्या. अर्थ कळला नाही तरी चालेल.

शाळेचा दिवस साधारण साडेआठला सुरू होतो. दारात बाहेरचे बूट आपल्या नावाच्या कप्प्यात ठेवून आतले बूट घालायचे. ५० मिनिटांचे सहा तास, मग साफसफाई, मग क्लब. साफसफाई मुलंच करतात. वर्ग, जिना, संडास, सगळं वाटून दिलेलं असतं. आपल्याकडच्या काही मुलांना हातात फडकं घेऊन फरशी पुसायला संकोच वाटतो, आणि तो चेहऱ्यावर दिसतो. घरात झाडू-फडकं कधी हातात घेतलं नसेल तर या दोन महिन्यांत घेऊ द्या. संडासही धुऊ द्या. मी हे पालकांना आग्रहाने सांगते, कारण पहिल्या आठवड्यात वर्ग तिच्याकडे पाहत असतो आणि ओल्या फडक्याने मनापासून फरशी पुसणारी मुलगी त्यांना लगेच आपली वाटते.

वर्गात शिक्षक प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा कुणी हात वर करत नाही. ही शांतता मुलांना बुचकळ्यात टाकते. इंग्रजी आणि गणितात तिला उत्तरं येत असतील, द्यावीत, पण प्रत्येक वेळी नाही. जुन्या जपानी वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या तासाला तिला फारसं काही कळणार नाही. तेव्हा झोपायचं नाही. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. जपानी शिक्षकांना हे उतरवलेलं पान पाहून जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही, आणि कांजीचा हात बसतो तो वेगळाच. सहामाही परीक्षांना ‘तू बसली नाहीस तरी चालेल’ असं म्हटलं तरी तिने बसावं.

पहिल्या दिवशी वर्गासमोर स्वतःची ओळख करून द्यावी लागते. एक मिनिट पुरे. नाव, नाशिक, घरी कोण आहे, काय आवडतं, कुठला क्लब करायचाय, आणि शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ म्हणून नीट वाकून नमस्कार. हाक मारायला सोपं असं दोन-तीन अक्षरांचं नाव तिने स्वतःच सुचवावं. पहिले तीन आठवडे तिच्याभोवती घोळका असेल. नंतर तो ओसरतो, आणि आपलं काही चुकलं का असं मुलीला वाटायला लागतं. तिचं काही चुकलेलं नसतं. जपानी मुलांचे गट एप्रिलमध्ये, वर्ष सुरू होताना जमलेले असतात आणि ती सप्टेंबरमध्ये आलेली असते. या टप्प्यावर उपयोगी पडतो तो क्लब, ज्याला तिकडे बुकात्सु म्हणतात.

क्लब निवडताना ‘मला काय चांगलं येतं’ हे पाहू नका, ‘कुठला क्लब रोज भरतो’ हे पाहा. चहासमारंभाचा किंवा इकेबानाचा, म्हणजे फुलांच्या रचनेचा, क्लब आपल्या पालकांना फार आवडतो, फोटो छान येतात. पण तो अनेक शाळांत आठवड्यातून एकदाच असतो. वाद्यवृंद, क्यूदो म्हणजे धनुर्विद्या, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल हे रोजचे, शनिवारीही. रोज दोन तास त्याच पंधरा-वीस मुलींबरोबर घाम गाळला, चेंडू गोळा केले, जाळं गुंडाळलं की मैत्री वेगळी करावी लागत नाही. वरच्या वर्गातल्या मुलींना तिथे ‘सेन्पाइ’ म्हणायचं आणि त्यांचं ऐकायचं. नवीन मुलीने आधी येऊन सामान लावायचं. एकदा नाव घातलं की मध्येच सोडायचं नाही. सोडणं त्यांना फार लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत पाहून ठरवायची मुभा मागून घ्या, ती मिळते.

नियमांपैकी एकच आधी विचारून ठेवा: कानातलं आणि नाकातलं. कित्येक शाळांत कान टोचणंच नियमात बसत नाही. तिचे कान लहानपणी टोचलेत आणि आपल्याकडे ती रीत आहे, हे समन्वयकांमार्फत शाळेला आधी कळवा. चमकी किंवा कुड्या शाळेत काढून ठेवायच्या का ते त्यांच्याकडून येऊ द्या. निघण्याआधी हौसेने हातभर मेंदी काढू नका. तिथे अनोळखी माणसाला ती गोंदण वाटू शकते.

जेवणाकडे येते. तुमची मुलगी अंडं आणि चिकन खाते, त्यामुळे निम्मा प्रश्न सुटला आहे. उरलेला निम्मा आहे दाशीचा. वाळवलेल्या माशाच्या चुऱ्याचं हे पाणी मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाजीतही असतं. वरून मासा दिसत नाही आणि होस्ट आईच्या लेखी तो मासा नसतोच. दाशी चालणार की नाही हे तुम्ही घरात बसून, आजी-आजोबांसकट, निघायच्या आधी ठरवा. मुलीवर तिकडे एकटीने ठरवायची वेळ आणू नका. माझा सल्ला असा की चालवून घ्या. रोज तीन वेळा दाशीशिवाय स्वयंपाक करायला लावणं हा त्या घरावर मोठा भार आहे. ज्यांना हे मुळीच मान्य नाही त्यांनी वर्षभराच्या कार्यक्रमाऐवजी दोन आठवड्यांची भेट निवडावी, हे मी तोंडावर सांगते. काय खात नाही याची यादी पाठवण्याऐवजी काय आवडीने खाते ते कळवा: भात, अंडं, टोफू, बटाटा, चिकन, सगळ्या भाज्या. गाय किंवा डुक्कर नको असेल तर ते मात्र स्वच्छ लिहा. त्या किनाऱ्यावर ताइजी हे देवमाशांच्या शिकारीसाठी ओळखलं जाणारं गाव आहे, तेव्हा कधी ताटात देवमासा आलाच तर हात जोडून ‘हे मला जमणार नाही’ म्हटलेलं चालतं. आणि वाकायामात तुम्हाला एक आधारही आहे. कोयासान हा बौद्ध मठांचा डोंगर याच प्रांतात आहे. तिथल्या मठांत मांस-मासे वर्ज्य असलेलं जेवण, ‘शोजिन र्योरी’, शतकानुशतकं वाढलं जातं. शाकाहार समजावताना हा एक शब्द पुरतो.

कोयासानला तिने जावंच. तिथल्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला आहे. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ पासून सहकार्याचा करार आहे, त्या नात्यातलं हे काम. कोयासानवरच्याच ओकुनोइनच्या स्मशानभूमीतल्या दगडी स्तंभांवर तिला भारतातून गेलेली सिद्धम लिपीची अक्षरं दिसतील. गावातल्या लोकांनी ‘तुमच्या भागाबद्दल सांग’ म्हटलं की आपली मुलं ताजमहाल दाखवतात, जो त्यांनी स्वतःही पाहिलेला नसतो. नाशिकची गोदावरी, घरची दिवाळी, आजीचा स्वयंपाक, शाळेचा रस्ता, यांचे दहा-बारा फोटो छापून न्या. भेटवस्तू लहान आणि बऱ्याच घ्या. वारलीचे बुकमार्क उत्तम. निगाता प्रांतात तोकामाची इथल्या मिथिला म्युझियममध्ये जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं आहेत, तेव्हा ही कला जपानला अगदीच नवी नाही.

बॅगेबद्दल थोडक्यात. मांसाचा कुठलाही पदार्थ, ताजी फळं, कढीपत्ता नेऊ नका. विमानतळावर अडवतात. मसाले कोरडे, बंद पाकिटातले, एक-दोन भाज्या करून खाऊ घालता येतील एवढेच. आणि त्या भाज्या तिला खरंच करता आल्या पाहिजेत. चष्मा असेल तर दुसरी जोडी घ्या. दातांचं काम इथेच उरकून घ्या. जपानी घरं हिवाळ्यात आतूनही गार असतात. एका वेळी एकच खोली तापवतात, म्हणून अंगाला चिकटून बसणारे आतले गरम कपडे हवेत. बाकी सगळं तिथे मिळतं.

औषधांची मात्र काळजी घ्या. सर्दीच्या ज्या गोळ्यांत सूडोएफेड्रीनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त आहे त्यांना जपानमध्ये बंदी आहे, आणि आपल्या घरच्या पेटीतल्या गोळ्यांवर काय लिहिलंय हे कुणी वाचत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महिन्याभराच्या वर न्यायचं तर जपानच्या आरोग्य खात्याची आयात-परवानगी निघण्याआधी काढावी लागते. लक्ष एकाग्र होण्यासाठी कुठलं औषध चालू असेल तर ते आजच समन्वयकांना सांगा. त्यातली काही तिथे पूर्णपणे निषिद्ध आहेत.

कागदपत्रांत पात्रता-प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी) शाळेच्या किंवा संस्थेच्या बाजूने जपानमधून येतं, आणि त्यावर व्हिसा मिळतो. प्रमाणपत्र दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानमध्ये पोहोचायचं असतं. कान्साई विमानतळावर तिला निवासकार्ड देतील. १६ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने ते कायम जवळ ठेवायचं असतं, क्लबला जातानाही. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा आणि राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. हे होस्ट फॅमिली करून देते, पण १४ दिवस मुलीने मोजावेत.

भूकंपाबद्दल घाबरू नका, पण गप्पही बसू नका. वाकायामाच्या किनाऱ्यासमोर नानकाई द्रोणी, म्हणजे समुद्रतळावरची लांबलचक खोल घळ, आहे, आणि तिथे मोठे भूकंप पुन्हा पुन्हा झाले आहेत, अलीकडचा १९४६ सालचा. १८५४ च्या भूकंपानंतर हिरो गावात हामागुची गोर्यो यांनी भाताच्या गंजी पेटवून अंधारात लोकांना उंचावर येण्याची वाट दाखवली. त्या दिवसावरून संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला. किनाऱ्याकाठच्या शाळांत कवायती मनापासून होतात. तुमची मुलगी पोहोचेल त्याच सुमारास, १ सप्टेंबरला, १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मृतीतला आपत्ती-प्रतिबंध दिन असतो, म्हणजे पहिल्या आठवड्यातच सराव होऊ शकतो. तिला तीन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात: घरापासून आणि शाळेपासून उंचावरची ठरलेली जागा कुठली, जोराचा किंवा लांबलेला धक्का बसला की कुणाचीही वाट न पाहता तिकडे जायचं, आणि फोन लागले नाहीत तर होस्ट फॅमिलीशी कुठे भेटायचं. नाशिकला बातमी दिसली आणि तिचा फोन लागला नाही, तर तुम्ही समन्वयकांना विचारा. तिच्या फोनवर शंभर वेळा रिंग देऊन बॅटरी संपवू नका.

फोनचं निघालंच आहे तर हेही. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी, ठरल्या वेळी अर्धा तास. एवढंच. रोज रात्री व्हिडिओ कॉल करणाऱ्या घरांतली मुलं देहाने जपानमध्ये आणि मनाने नाशिकच्या हॉलमध्ये राहतात. होस्ट आईला वाईट वाटतं ते वेगळंच: ही जेवून लगेच खोलीत जाते आणि दार लावून बोलत बसते. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ सगळ्यांत जड जातो. शाळेचे महोत्सव संपलेले असतात, दिवाळी एकटीने गेलेली असते, पाच वाजताच अंधार पडतो, आणि भाषा येतेय असं वाटत असतानाच काहीच येत नाही असं वाटू लागतं. त्या फोनवर ती रडेल. ‘परत ये’ असं म्हणू नका, आणि ‘रडतेस काय, एवढा खर्च केलाय’ असं तर अजिबात म्हणू नका. ऐकून घ्या आणि विचारा, आज जेवायला काय होतं, क्लबमध्ये काय झालं. फेब्रुवारीत अशी बहुतेक मुलं स्वप्नात जपानी बोलत असतात. पण जेवण तुटलं, झोप उडाली, शाळेला जावंसं वाटेना असं दोन आठवडे चाललं, किंवा घरातलं कुणाचं वागणं तिला नकोसं वाटत असेल, तर लगेच समन्वयकांशी बोला. होस्ट फॅमिली बदलता येते, त्यात कुणाची नामुष्की नाही. हे मुलीलाही निघण्याआधी स्पष्ट सांगून ठेवा.

अकरावीचं उत्तर पालकांना आवडत नाही, तरी सांगते. एक वर्ष पुढे जाईल, हे घरात सगळ्यांनी मान्य करा आणि तो विषय बंद करा. जपानमधून रात्री ऑनलाइन जेईईचे क्लास लावू नका. दिवसभर परक्या भाषेत वावरून थकलेलं मूल रात्री अकराला भौतिकशास्त्राची गणितं सोडवायला बसलं की त्याचं ना हे होतं ना ते. जूनअखेर परतल्यावर त्या वर्षीच्या अकरावी प्रवेशात ती कशी बसेल, हे इथल्या कॉलेजात आत्ताच जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दहावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. जपानच्या शाळेकडून हजेरीचं आणि विषयांचं पत्र इंग्रजीत मागून आणायला तिला सांगा.

आई-वडिलांच्या नोकरीमुळे कायमचं टोकियोला जाणाऱ्या मुलांचं गणित वेगळं. त्यांना नऊ वर्षांचं शालेय शिक्षण दाखवून, बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीच्या सुमारास होणारी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि ती जपानीत असते. टोकियोतल्या निशी-कासाईच्या आसपास भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, कारुइझावात यूडब्ल्यूसी इसाकसारखी इंग्रजी माध्यमाची निवासी शाळाही आहे. जपानी सरकारी शाळाही आता बदलत आहेत. आपले योगेंद्र पुराणिक, ज्यांना तिकडे योगी म्हणून ओळखतात, २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

या आठवड्यात करायचं काम एकच आहे: होस्ट फॅमिलीला पत्र. ते तिने स्वतः, तिला येतं तेवढ्या जपानीत, हाताने लिहावं. क्लासच्या बाईंकडून चुका दुरुस्त करून घेऊ नका. दुरुस्त केलेलं पत्र वाचून त्यांना वाटतं हिला भरपूर येतं, आणि पहिल्या दिवशीच ते भरभर बोलायला लागतात. घरातले फोटो, ती घरी कुठलं काम करते, काय खाते, आणि शेवटी दोन प्रश्न: तुमच्याकडे अंघोळीला कुणी कधी जायचं असतं, आणि संध्याकाळी मी किती वाजेपर्यंत घरी यायला हवं? फोटो काढून ईमेलने पाठवा आणि मूळ कागद बॅगेत ठेवा, तिथे पोहोचल्यावर ओकासानच्या, म्हणजे होस्ट आईच्या, हातात द्यायला.